दूध कोणाचे, बाळ कोणाचे?

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचे शब्दांकन)

आपल्या शिबिरांत कायद्यावर बोलणे होते, पोलिस ठाण्यातल्या अनुभवांवर होते, पोटगीवर आणि मारहाणीवर होते. चित्रांवर क्वचितच होते. चित्र ही चैनीची गोष्ट, ती आपल्या कामाची नाही, असे आपण धरून चालतो. पण आपल्या डोक्यातली ‘आई’ कुठून आली याचा शोध घ्यायला बसले, की पोथ्या आणि कायद्यांच्या जोडीला चित्रेही चाळावी लागतात. भिंतीवरच्या चित्राशी कोणी वाद घालत नाही. ते रोज डोळ्यांसमोर असते आणि हळूहळू तेच खरे वाटू लागते. म्हणून आज मी एकच चित्र घेऊन आले आहे. ते फ्रान्समधले आहे, १७७९ सालचे. त्याचे नाव आहे ‘दाईचा निरोप’. ही दाई म्हणजे बाळंतपण करणारी सुईण नव्हे. दुसऱ्याच्या मुलाला पगारावर अंगावर पाजणारी बाई.

आधी चित्र नीट बघू या. खेड्यातले एक गरिबाचे घर आहे. शहरातून एक श्रीमंत जोडपे आपले बाळ परत न्यायला आले आहे. जन्मल्यावर हे बाळ या खेडुत बाईकडे दुधासाठी ठेवलेले होते. आता ते मोठे झाले, दूध तुटले, मुदत संपली. उंची कपड्यांतली आई बाळाला घेते आहे. आणि बाळ काय करते आहे? ते आईकडे पाठ करून दाईकडे झेपावते आहे. ज्या बाईला ते ओळखतच नाही ती त्याची आई आहे, आणि जिला ते आई समजते तिची नोकरी आज संपली आहे. दाईचा जीव तुटतो आहे. बाळाचा बाप जरा अंतर राखून उभा आहे. या सगळ्या गलबल्याशी आपला संबंध नाही, अशा थाटात.

मूळ तैलचित्र एतिएन ओब्री या चित्रकाराचे. तो १७४५ साली व्हर्सायमध्ये जन्मला आणि १७८१ मध्ये, चाळिशीही न गाठता वारला. हे चित्र त्याने १७७७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले. आज ते अमेरिकेत, मॅसेच्युसेट्स राज्यातल्या क्लार्क कलासंस्थेत आहे. दोन वर्षांनी रॉबेर द लोने या कारागिराने त्यावरून छापचित्र केले. आपण बघतो आहोत ते हे छापचित्र.

छापचित्र म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगते, कारण त्याचा आपल्या विषयाशी संबंध आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईने रेघा ओढायच्या आणि वरून तेजाब सोडायचे. जिथे रेघ ओढली तिथले तांबे खाल्ले जाते. मग टोकदार हत्याराने रेघा खोल करायच्या, त्यात शाई भरायची आणि ओल्या कागदावर दाबून ठसा घ्यायचा. एका पत्र्यावरून असे शेकडो ठसे निघतात. तैलचित्र एकाच धनिकाच्या दिवाणखान्यात जाई. ठसे मात्र वकील, व्यापारी, डॉक्टर, कारकून यांच्या घरांत पोचत. म्हणजे ‘आई कशी असावी’ याची शिकवण घरोघर नेण्याचे हे त्या काळचे साधन होते. नाटक-सिनेमाच्या जाहिराती, कॅलेंडरे, दूरदर्शनवरच्या मालिका यांचे हे पूर्वज म्हणा.

आकडे काय सांगतात

चित्रातली गोष्ट चित्रकाराच्या मनातली नव्हती. १७८० साली पॅरिसचा पोलिसप्रमुख लनुआर याने शहरातल्या बाळांचा एक हिशेब मांडला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पॅरिसमध्ये दर वर्षी सुमारे २१ हजार मुले जन्मत. त्यांपैकी जेमतेम एक हजार मुलांना त्यांच्या आया स्वतः पाजत. आणखी एक हजारांसाठी घरीच दाई ठेवलेली असे. उरलेली १९ हजार मुले घराबाहेर, कोणी शहराच्या वेशीजवळ तर बरीचशी दूरच्या खेड्यांत दाईकडे जात. हा हिशेब मोजूनमापून केलेला नाही, अंदाजाचा आहे. पण इतिहासकारांनी दप्तरे तपासून काढलेले चित्रही याहून फार वेगळे नाही. त्यातली कितीतरी मुले परत आलीच नाहीत. प्रवासात मेली, थंडीने मेली, दुधाअभावी मेली, रोगाने मेली.

एवढा मोठा व्यवहार नियमांशिवाय चालत नाही. १७१५ साली फ्रान्सच्या राजाने हुकूम काढला आणि दाया मिळवून देणाऱ्या कचेऱ्या पोलिसांच्या देखरेखीखाली आणल्या. दाई होऊ इच्छिणाऱ्या बाईने आपल्या गावच्या पाद्र्याचा दाखला आणायचा. एका वेळी दोन मुले पाजायला घ्यायची नाहीत. घेतली तर बाईला फटके आणि तिच्या नवऱ्याला ५० लिव्र दंड. शिक्षेतली ही विभागणी लक्षात ठेवा. एकाच गुन्ह्यासाठी बाईने अंगाने भरायचे आणि पुरुषाने पैशाने.

१७६९ मध्ये सगळा कारभार एका मोठ्या कचेरीत आणला गेला. खेड्यातून दायांना गाडीत घालून शहरात आणणारे, बाळांसह परत नेणारे, पगार पोचवणारे आणि त्यात आपला हिस्सा काढणारे मध्यस्थ होते. ते बहुतेक पुरुष. पगार थकवणाऱ्या बापाला तुरुंगात टाकण्याचीही सोय होती आणि अशा बापांना सोडवण्यासाठी दानशूर लोक निधी जमवत. दूध बाईचे, पण दाखला पाद्र्याचा, दर कचेरीचा, वाहतूक दलालाची आणि कमाईचा कारभार नवऱ्याचा. पॅरिस भागातल्या रूढीकायद्याप्रमाणे संसाराच्या सामाईक मिळकतीचा मालक नवराच होता.

मूल कोण पाठवत होते?

आता चित्रातल्या आईकडे बघा. ती श्रीमंत आहे, नटलेली आहे. तिच्याकडे बघून आपल्याला राग येतो. हिला मुलापेक्षा मेजवान्या प्यारा, बांधा बिघडू नये म्हणून हिने पोटचे पोर दुसरीकडे टाकले, असे मनात येते. बघणाऱ्याच्या मनात तेच यावे अशी चित्राची मांडणी आहे.

पण मैत्रिणींनो, हे अर्धसत्य आहे. पॅरिसच्या त्या १९ हजार बाळांच्या आया सगळ्या काही उमरावांच्या बायका नव्हत्या. एवढे उमराव पॅरिसमध्ये होते तरी का? अमेरिकन इतिहासकार जॉर्ज सस्मन यांनी १९८२ मध्ये या व्यवसायाचा सविस्तर इतिहास लिहिला. त्यातून स्पष्ट होते, की खेड्यातल्या दायांची मोठी गिऱ्हाईके म्हणजे शहरातले कारागीर आणि दुकानदार होते. त्यांच्या बायका दुकानात बसत, शिवणकाम करीत, नवऱ्याच्या हाताखाली कारखान्यात राबत. लियाँ शहरात रेशमाच्या मागावर बाईचा हात थांबला की घरची कमाई थांबे. तिथल्या विणकरांच्या बायका मुले डोंगरातल्या गावांत पाठवत. बाळाला जवळ ठेवून काम करता येत नव्हते आणि काम सोडून पोट भरत नव्हते. दाईचा पगार स्वतःच्या मजुरीपेक्षा कमी पडे, म्हणून हा व्यवहार चाले. एका गरीब बाईचे काम चालू राहावे म्हणून तिच्याहून गरीब बाई आपले दूध विकत होती.

यात नवऱ्याचा वाटाही होता. दूध पाजणाऱ्या बाईने नवऱ्याजवळ जाऊ नये, त्याने दूध नासते, अशी त्या काळच्या वैद्यांची समजूत होती. म्हणजे बायको पाजायला बसली तर नवऱ्याची गैरसोय. मूल बाहेर पाठवले की ती गैरसोय टळे. आणि अंगावर पाजले नाही तर पुन्हा दिवस लवकर राहतात, हे आपल्या आरोग्याच्या कामात तुम्ही पाहिलेले आहे. त्यामुळे अनेक शहरी बायकांची बाळंतपणे जवळजवळ वर्षाआड होत. चित्रातला तो अंतर राखून उभा असलेला बाप आठवा. या गोष्टीत तो वाटतो तितका लांब नाही. पण चित्राच्या सांगण्यात जाब द्यायचा आहे तो आईने.

चित्रात नसलेले बाळ

अंगणवाडी सेविका आणि घरकामगार बायकांच्या बैठकांत मी हे चित्र पुष्कळदा दाखवले आहे. शिकलेल्या श्रोत्यांत बोलणे बहुधा आईवर येते: तिचे चुकले की नाही. एका बैठकीत मात्र मागे बसलेल्या एका वयस्क घरकामगार बाईने पहिल्यांदाच विचारले, “ताई, हिच्या अंगावर दूध आलं म्हणजे हिलाबी मूल झालं आसंल. त्ये कुठंय?”

या एका प्रश्नाने चित्र उलगडते. बाळंत झाल्याशिवाय पान्हा फुटत नाही. पॅरिसच्या प्रत्येक दुधावरच्या बाळामागे खेड्यात जन्मलेले दुसरे बाळ होते. ते कुठे गेले? काहींचे मेलेले होते. काहींचे दूध लवकर तोडून त्यांना पेज, पाव भिजवलेले पाणी यांवर ठेवले जाई. काही बाळे याहून स्वस्तातल्या दुसऱ्या बाईकडे ठेवली जात. म्हणजे दूध गरीब घरातून श्रीमंत घराकडे, त्या श्रीमंत घरातले मूल गरीब घराकडे आणि गरीब घरातले मूल त्याहून गरीब घराकडे, अशी ही उतरंड होती. ओब्रीच्या चित्राचा विषय दोन बायकांमधली एका बाळाची ओढाताण आहे. दाईच्या पोटच्या बाळाची कथा तो विषयच नाही.

कायद्यानेही त्या बाळाची नीट दखल घेतली ती फार उशिरा. २३ डिसेंबर १८७४ रोजी फ्रान्समध्ये डॉ. तेओफिल रुसेल यांच्या पुढाकाराने कायदा झाला. दाई म्हणून जाणाऱ्या बाईचे स्वतःचे मूल किमान सात महिन्यांचे असले पाहिजे, किंवा दुसरी बाई त्याला पाजत असली पाहिजे, अशी त्यात अट घातली. या छापचित्रानंतर ९५ वर्षांनी.

तरीही ओब्रीला एका गोष्टीचे श्रेय दिले पाहिजे. त्या काळचे सुधारक दाईला ‘भाडोत्री’ म्हणून हिणवत. ती घाणेरडी, अडाणी, पैशासाठी मुले मारणारी, असे लिहीत. या चित्रातली दाई तशी नाही. पैसे घेऊन केलेल्या कामातही माया असू शकते, पगार घेतला म्हणून ती माया खोटी ठरत नाही, हे तिच्याकडे झेपावणारे बाळ सांगते. पाळणाघरात, दवाखान्यात, दुसऱ्यांच्या घरी म्हाताऱ्यांची शुश्रूषा करण्यात ज्यांचा दिवस जातो त्या आपल्या मैत्रिणींना हे वेगळे सांगायला नको. त्यांना एकदा ‘तू घरच्यासारखीच’ म्हणतात आणि पगारवाढ मागितली की ‘तू पैशासाठी करतेस’ म्हणतात.

सुखी आईचा शोध

मग अशी चित्रे याच काळात इतकी का निघाली? १७६२ साली रूसोचे ‘एमिल’ हे पुस्तक आले. आयांनी आपली मुले स्वतः पाजली तर समाजाची नीती आपोआप सुधारेल, असे त्याचे म्हणणे. उमरावांच्या घरांतही अंगावर पाजण्याची टूम निघाली. आता याच रूसोने तेरेझ लव्हासर या आपल्या सहचरीला झालेली पाचही मुले अनाथालयात सोडली होती, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यात तेरेझचे म्हणणे काय होते, ते आपल्यापर्यंत पोचत नाही. त्याच ‘एमिल’मध्ये मुलीला शिक्षण द्यायचे ते पुरुषाला सुखी ठेवण्यासाठी, असेही सांगितलेले आहे. या मताचा समाचार घ्यायला १७९२ साली मेरी वुल्स्टनक्राफ्टला पुस्तक लिहावे लागले.

रूसोच्या जोडीला सरकारी चिंता होती. फ्रान्सची लोकसंख्या घटते आहे, अशी अधिकाऱ्यांची पक्की समजूत होती. प्रत्यक्षात ती वाढत होती. सैन्याला शिपाई हवेत, शेताला माणसे हवीत, म्हणून बाळे वाचली पाहिजेत आणि त्यासाठी आईने घरी बसले पाहिजे. चित्रकार ग्रझ याचे ‘लाडकी आई’ हे चित्र याच काळातले. त्याचेही छापचित्र १७७५ साली निघाले. आई खुर्चीत मागे रेललेली, सहा मुले तिच्या अंगावर लोंबकळताहेत आणि शिकारीहून आलेला नवरा हात पसरून हा देखावा बघतो आहे. हे चित्र लोकसंख्या वाढवा असा उपदेश करते, असे दिदरो या लेखकाने कौतुकाने म्हटले होते. त्या काळी पॅरिसमध्ये विद्वानांच्या बैठका भरवणाऱ्या मादाम जॉफ्रँ यांनी मात्र या चित्राला ‘मुलांचा रस्सा’ म्हटले आणि ग्रझला ते फार झोंबले. मला वाटते, सहा मुले अंगावर घेऊन बसणे म्हणजे काय, हे त्या दोघांपेक्षा बाईला जास्त कळत होते.

१९७३ साली अमेरिकन कलाइतिहासकार कॅरोल डंकन यांनी एक लेख लिहिला. सुखी आई आणि प्रेमळ कुटुंब हा फ्रेंच चित्रकलेत त्या काळी नव्याने घडवलेला विषय आहे, अशी त्यांची मांडणी आहे. पुढे १९८० मध्ये एलिझाबेथ बादँतेर यांनी मातृप्रेमाचा इतिहास लिहून, हे प्रेम प्रत्येक काळात सारखेच असते का, असा प्रश्न केला. त्यावर मोठे वादळ उठले. बादँतेर यांचे सगळे मला पटते असे नाही. मूल दूर पाठवणाऱ्या आईला त्याची ओढ नव्हती, असे त्या फार चटकन म्हणतात. रेशमाच्या मागावर बसलेल्या बाईच्या मनात काय होते, ते दप्तरात लिहिलेले नसते. पण आईपणाला इतिहास असतो, ते आभाळातून पडत नाही, हे मानायला अशाच अभ्यासांनी भाग पाडले.

या चित्रांचे चित्रकार कोण होते, हेही बघा. फ्रान्सच्या राजमान्य कला अकादमीने १७७० मध्ये ठरवून टाकले, की एका वेळी चारांहून जास्त स्त्रिया सदस्य असणार नाहीत. नग्न मॉडेल समोर ठेवून रेखाटन शिकण्याची सोय स्त्रियांना नव्हती. छापचित्रांच्या कामात मात्र बायका होत्या. बाप किंवा नवरा त्याच धंद्यात असला की त्याच्या घरात बसून त्या पत्रे कोरत. आईची प्रतिमा कोरायला तिचे हात चालत. ती कशी दिसावी, हे ठरवण्याच्या जागी ती नव्हती.

पूजा आणि बंदी

आणि ही प्रतिमा पुढे कशी वापरली गेली? राज्यक्रांतीच्या काळातले एकच साल घेऊ, १७९३. २८ जूनला कायदा झाला, की गरीब आयांना सरकार मदत देईल, त्यात मूल स्वतः पाजण्यावर भर होता आणि अविवाहित आयांचाही विचार होता. कायदा चांगला, पण अंमलबजावणी जवळजवळ नाही. १० ऑगस्टला पॅरिसमध्ये मोठा उत्सव झाला. बास्तीलचा तुरुंग जिथे पाडला होता तिथे निसर्गदेवतेचा प्रचंड पुतळा उभारला. तिच्या स्तनांतून पाण्याच्या धारा येत होत्या आणि प्रजासत्ताकाचे पुरुष प्रतिनिधी रांगेने पुढे होऊन पेल्याने ते पाणी पीत होते. ३० ऑक्टोबरला स्त्रियांच्या राजकीय मंडळांवर बंदी घातली गेली. ३ नोव्हेंबरला स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ओलँप द गूज यांचा शिरच्छेद झाला. आणि त्याच महिन्यात शोमेत नावाच्या पुढाऱ्याने सभागृहात आलेल्या बायकांना सुनावले, की निसर्गाने स्तन पुरुषांना दिलेले नाहीत, तेव्हा मुलांना पाजणे हेच तुमचे काम.

ऑगस्टमध्ये ज्या स्तनांची पूजा केली, नोव्हेंबरमध्ये त्याच स्तनांचा दाखला देऊन तोंड बंद केले. मातृत्वाचे उदात्तीकरण आणि बाईचा हक्क नाकारणे ही दोन वेगळी कामे नाहीत, हे समजायला याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

माझे म्हणणे चुकीच्या अर्थाने घेऊ नका. आईच्या दुधाविरुद्ध मी बोलत नाही. आईचे दूध बाळाला जगवते, हे त्या काळीही खरे होते. सुधारक म्हणत होते की दाईकडे मुले फार मरतात. तेही खरे होते. पण त्यांनी उपाय सुचवला तो आईच्या कर्तव्याचा. मागावरच्या बाईला बाळाजवळ बसता येईल एवढी मजुरी, कामाच्या ठिकाणी बाळाला जागा, बाळंतपणात पगारी रजा, यांतले काहीच त्या चित्रांत नाही. दाईकडे मूल पाठवण्याची रीत फ्रान्समध्ये उपदेशाने थांबली नाही. एकोणिसाव्या शतकातही ती जोरात चालू होती. निर्जंतुक केलेले बाटलीचे दूध मिळू लागले आणि पहिल्या महायुद्धाने खेड्यापाड्यांचे जीवन उलटेपालटे केले, तेव्हा ती संपली.

म्हणून कार्यकर्ती या नात्याने माझी एक सूचना आहे. पोस्टर असो, जाहिरात असो, सरकारी पत्रक असो, त्यावर बाळाला कुशीत घेतलेली आई दिसली की आपण चार प्रश्न विचारू या. हे चित्र कोणी काढले आणि कोणासाठी? यातला बाप कुठे उभा आहे? या आईच्या कामाचे पैसे कोण देते? आणि हिच्या जागी घरात राबणारी जी दुसरी बाई आहे, तिचे बाळ आत्ता कोणाजवळ आहे?

शेवटचा प्रश्न आपल्यातल्या ज्या मैत्रिणी घरी कामाला बाई ठेवून बैठकीला येतात, त्यांनी आधी स्वतःला विचारावा. मी विचारते. त्या बाईची रजा, तिचे बाळंतपण, तिच्या मुलाचे पाळणाघर हा आपल्या मागणीपत्रातला शेवटचा मुद्दा असतो, वेळ उरला तर घेण्याचा. या वेळी तो पहिला घेऊन चर्चेला सुरुवात करावी, अशी माझी विनंती आहे.